लेकरं शाळेत पाणी का पीत नाहीत?

शाळा सुरू झाल्या की घरोघरच्या आया एकच तक्रार करतात. सकाळी भरून दिलेली पाण्याची बाटली संध्याकाळी जशीच्या तशी परत येते. मग पोरीला दोन शब्द ऐकवले जातात. दिवसभर नुसती हुंदडतेस, पाण्याचीही आठवण राहत नाही का? पोरगी काही बोलत नाही. दप्तर टाकते आणि घरात शिरल्याशिरल्या आधी मोरीकडे पळते.

आमचे म्हणणे असे की, त्या पोरीला रागावण्याआधी एक प्रश्न विचारा. शाळेचा संडास कसा आहे? ती खरे बोलली तर बाटलीचा उलगडा तिथेच होईल. पाणी प्यायले की लघवीला लागते, लघवीला लागली की त्या खोलीत जावे लागते, आणि त्या खोलीत पाणी नाही, कडी नाही, पाय ठेवायला जागा नाही. म्हणून पाणीच प्यायचे नाही. सहा-सात वर्षांच्या लेकराने स्वतःच्या अकलेने काढलेली ही वाट आहे. तिला विसरभोळेपणा म्हणणे हा त्या लेकरावर अन्याय आहे.

मोठ्या वर्तमानपत्रांच्या आरोग्य पुरवण्यांत मुलांच्या सवयींवर पुष्कळ छापून येते. मुलांना भरपूर पाणी पाजा, वेळेवर शौचाला बसवा, हात धुवायला शिकवा. सल्ला चुकीचा नाही. पण तो ज्यांच्यासाठी लिहिलेला असतो त्यांच्या घरात दोन-दोन बाथरूम असतात आणि त्यांची मुले ज्या शाळेत जातात तिथे दर तासाला फरशी पुसणारी मावशी असते. ती मावशी कोणत्या समाजाची असते हे त्या लेखात कधी येत नाही. आणि त्या मावशीची स्वतःची मुलगी जिथे शिकते, त्या जिल्हा परिषदेच्या किंवा नगरपालिकेच्या शाळेतला संडास कोण धुतो, हेही येत नाही. आम्हाला लिहायचे आहे ते या दुसऱ्या मुलीबद्दल.

आधी शरीराचे गणित समजून घेऊ, कारण ते कळल्याशिवाय या प्रश्नाचे गांभीर्य लक्षात येत नाही.

चार ते आठ वर्षांच्या मुलाला दिवसाकाठी साधारण एक ते सव्वा लीटर पिण्याचे पाणी लागते. विदर्भ-मराठवाड्यातल्या उन्हात आणि मैदानावर खेळणाऱ्या मुलाला त्याहून जास्त. सहा वर्षांच्या मुलाच्या मूत्राशयात मावते किती? दोनशे ते अडीचशे मिलिलीटर, म्हणजे पेलाभर. म्हणून निरोगी मूल दर दोन-तीन तासांनी लघवीला जाते, दिवसभरात पाच-सात वेळा. आता शाळेचा दिवस मोजा. साडेदहाला भरणारी शाळा पाचला सुटते. वस्तीवरून चालत येणाऱ्या मुलाचे जाण्यायेण्याचे धरले तर सात-आठ तास. एवढ्या वेळात त्याने किमान दोन-तीन वेळा जायलाच हवे. ते एकदाही जात नसेल तर एक तर ते पाणी पीत नाही, नाहीतर दाबून धरते. बहुतेक वेळा दोन्ही करते.

दाबून धरण्याचे परिणाम लगेच दिसत नाहीत, म्हणून कोणी दखल घेत नाही. पण रोज दाबणाऱ्या मुलाचे खालचे स्नायू आवळून राहायला शिकतात. मग घरी आल्यावर सवडीने बसले तरी ते पुरते सैल होत नाहीत. लघवी पूर्ण होत नाही, थोडी आत साठून राहते आणि साठलेल्या लघवीत जंतू वाढतात. मुलींचा मूत्रमार्ग आखूड, त्यामुळे त्यांना हा संसर्ग लवकर होतो. लघवीला जळजळ, पोटात दुखणे, अंगात ताप. गावच्या दवाखान्यात तापाची गोळी देऊन पाठवतात, लघवी तपासतच नाहीत. लहान वयात असा संसर्ग पुन्हा पुन्हा होत राहिला आणि वेळेवर उपचार मिळाला नाही तर तो मूत्रपिंडापर्यंत जाऊन कायमचे व्रण ठेवू शकतो.

शौचाचे दुखणे याहून अवघड. आतड्यात अडलेल्या मळातले पाणी आतडे शोषून घेत राहते. त्यात मूल पाणी कमी पिते आणि त्याच्या ताटात भाजी नसते, असते ती पाच रुपयांच्या कुरकुऱ्याची पुडी. मळ खड्यासारखा घट्ट होतो. शी करताना दुखते. एकदा दुखले की मूल घाबरते आणि पुढच्या वेळी पाय आवळून, कोपऱ्यात उभे राहून ती रोखून धरते. जितके रोखावे तितका मळ घट्ट आणि जितका घट्ट तितके दुखणे जास्त, असे ते चक्र सुरू होते. गुदाशय ताणले जाते, कळ आल्याची जाणीवच बोथट होते. मग घट्ट मळाच्या कडेने पातळ मळ आपोआप झिरपतो आणि चड्डी खराब होते. आईला वाटते पोराला जुलाब लागले. प्रत्यक्षात असते ती बद्धकोष्ठता. भरलेले गुदाशय शेजारच्या मूत्राशयावर दाब टाकते, त्यातून चड्डीत लघवी होणे, वारंवार संसर्ग होणे हेही येते. हे मूल मुद्दाम करत नसते, त्याला ते कळतसुद्धा नसते. तरीही ते घरी मार खाते आणि शाळेत त्याच्या अंगाला वास येतो म्हणून त्याच्या शेजारी कोणी बसत नाही.

हा टोमणा कोणत्याही मुलाला लागतो. पण आमच्या लेकरांच्या वाट्याला तो जातीसकट येतो. "यांच्यात असंच असतं" हे वाक्य वर्गात मोठ्याने बोलले नाही तरी कुजबुजीत बोलले जाते. ज्या शाळेने संडास धड ठेवला नाही तीच शाळा त्या घाणीचे खापर मुलाच्या घरावर फोडते. हजारो वर्षे घाण कोणाच्या माथी मारली गेली हे आमच्या वाचकांना सांगायला नको.

आता सरकारचे कागद पाहू. केंद्राच्या शाळा-माहिती अहवालानुसार २०२४-२५ साली देशातल्या ९९ टक्क्यांहून अधिक शाळांत पिण्याच्या पाण्याची सोय आहे आणि सुमारे ९७ टक्के शाळांत मुलींसाठी शौचालय आहे. वाचून वाटावे की प्रश्न सुटला! पण 'असर' या संस्थेचे कार्यकर्ते २०२४ साली ग्रामीण शाळांत प्रत्यक्ष गेले आणि त्यांनी दार उघडून पाहिले. मुलींना वापरता येण्याजोगे शौचालय ७२ टक्के शाळांत सापडले. पिण्याचे पाणी त्या दिवशी प्रत्यक्ष उपलब्ध होते ते सुमारे ७८ टक्के शाळांत. म्हणजे दर चार-पाच शाळांतल्या एका शाळेत लेकराने बाटली आणली नाही तर त्याच्यासाठी पाणी नाही. एका कागदावर 'आहे' लिहायला चार भिंती पुरतात. दुसऱ्याने विचारले की दार उघडते का, आत पाणी येते का. या दोन आकड्यांमधली जी फट आहे तिच्यात आमच्या मुली उभ्या आहेत.

हा फरक पडतो कसा, तेही महालेखापरीक्षकांनी सांगून ठेवले आहे. २०१४ साली लाल किल्ल्यावरून घोषणा झाली, वर्षभरात प्रत्येक शाळेत शौचालय! सार्वजनिक कंपन्यांना कामाला लावले गेले. पुढे लेखापरीक्षकांनी १५ राज्यांतली अशी शौचालये जाऊन पाहिली आणि २०२० साली अहवाल संसदेत आला. पाहणीतल्या ७२ टक्के शौचालयांत नळाचे पाणी नव्हते. सुमारे ३० टक्के वापरातच नव्हती. उद्‌घाटनाच्या फिती मात्र सगळीकडे कापल्या गेल्या होत्या. हातात नवा कोरा झाडू घेऊन फोटो काढणारे मंत्री आम्ही पुष्कळ पाहिले. बादली घेऊन दुसऱ्या दिवशी परत आलेला एकही पाहिला नाही. २०२० सालीच शाळा-अंगणवाड्यांना शंभर दिवसांत नळ देण्याची मोहीमही निघाली होती. नळाची तोटी बसवणे आणि तोटीला पाणी येणे ही दोन वेगळी कामे आहेत, हे आपल्या राज्यकर्त्यांना कोणी शिकवायचे?

बांधणाऱ्याला पैसा असतो, धुणाऱ्याला नसतो. समग्र शिक्षा योजनेच्या नियमात तीस ते शंभर पटाच्या शाळेला वर्षाला पंचवीस हजार रुपये संयुक्त अनुदान ठरले. खडू, वीजबिल, दुरुस्ती, सगळे त्यातच. त्यातले किमान दहा टक्के स्वच्छतेवर खर्च करा, असा नियम. दहा टक्के म्हणजे अडीच हजार. बारा महिन्यांनी भागा, महिन्याला दोनशे आठ रुपये येतात. दोनशे आठ रुपयांत फिनेल आणायचे की झाडू, हे मुख्याध्यापकांनी ठरवावे. माणूस ठेवण्याचा प्रश्नच नाही. गावच्या शाळेत सफाई कामगाराचे पद नसते, शहरातल्या शाळांत होते तिथे ते ठेकेदाराकडे गेले. मग संडास धुतो कोण?

याचे उत्तर अधूनमधून बातमीत येते. डिसेंबर २०२३ मध्ये कर्नाटकात कोलार जिल्ह्यातल्या मालूर तालुक्यात एका सरकारी निवासी शाळेत विद्यार्थ्यांना मैल्याच्या खड्ड्यात उतरवून तो साफ करायला लावल्याचे उघडकीस आले. मुख्याध्यापिकेला आणि एका शिक्षकाला अटक झाली. त्याआधी २०२२ साली तामिळनाडूत इरोड जिल्ह्यात अनुसूचित जातीच्या मुलांकडून शाळेचे शौचालय साफ करून घेतल्याबद्दल एका मुख्याध्यापिकेला अटक झाली होती. ही दोन प्रकरणे पालकांनी आवाज उठवला म्हणून बाहेर आली. स्वतःचे ताट धुणे, वर्ग झाडणे हे सगळ्या मुलांनी पाळीपाळीने केले तर त्याला आमचा विरोध नाही, ते शिक्षणच आहे. पण नावाची यादी पाहून हातात खराटा दिला जातो तेव्हा ते शिक्षण नसते. ती मनुस्मृतीची अंमलबजावणी असते, आणि तिच्यासाठी अट्रॉसिटीचा कायदा आहे.

पाण्याचेही तसेच. लेकराची तहान हा आपल्या चळवळीचा फार जुना विषय आहे, चवदार तळ्याहूनही जुना. बाबासाहेबांनी स्वतःच्या आठवणी लिहून ठेवल्या आहेत. शाळेत इतर मुलांना तहान लागली की ती नळावर जात. भीमरावाला नळाला हात लावायची मुभा नव्हती. शिपायाने तोटी उघडली तरच पाणी. शिपाई नसला तर तसेच राहायचे. १९०१ साली भाऊ आणि भाच्यांबरोबर ते वडिलांना भेटायला मसूर स्टेशनवर उतरले आणि तिथून बैलगाडीने निघाले. जवळ खाण्याचा डबा होता. वाटेत कोणी पाणी दिले नाही. रात्री टोलनाक्यावर मागितले, तिथेही मिळाले नाही. पाण्यावाचून घास गळ्याखाली उतरेना. भरलेला डबा जवळ असून ती लेकरे उपाशी झोपली. नऊ-दहा वर्षांच्या मुलाने ती रात्र आयुष्यभर लक्षात ठेवली.

महात्मा फुल्यांनी १८६८ साली आपल्या घरचा हौद खुला केला. १९२३ साली मुंबई कायदेमंडळात सी. के. बोले यांचा ठराव झाला, त्यात सार्वजनिक पाणवठ्यांबरोबर शाळांचाही उल्लेख होता. २० मार्च १९२७ ला महाड झाले. संविधानाच्या १५ व्या कलमात विहिरी-तलाव आले, १७ व्या कलमाने अस्पृश्यता गाडली. १ एप्रिल २०१० पासून लागू झालेल्या शिक्षण हक्क कायद्याच्या अनुसूचीत मुलामुलींसाठी वेगवेगळी शौचालये आणि सुरक्षित पिण्याचे पाणी आले. ३ ऑक्टोबर २०१२ ला सर्वोच्च न्यायालयाने सगळ्या राज्यांना बजावले की सहा महिन्यांत शाळांमध्ये पाणी आणि शौचालये द्या. ते सहा महिने कधीच उलटून गेले. आणि ऑगस्ट २०२२ मध्ये, स्वातंत्र्याचा अमृतमहोत्सव चालू असताना, राजस्थानच्या जालोर जिल्ह्यात नऊ वर्षांचा एक दलित मुलगा मरण पावला. शिक्षकांच्या माठाला हात लावला म्हणून त्याला मारहाण झाली, असा कुटुंबाचा आरोप. शिक्षकाला अटक झाली. माठ होता की नव्हता यावर नंतर खूप वाद घातला गेला. पोर गेले यावर वाद नव्हता.

महाराष्ट्रात असे घडत नाही, असे छातीठोकपणे सांगणारे भेटतात. उघडपणे घडत नसेलही. पण हेडमास्तरांच्या खोलीतला थंड पाण्याचा जार आणि व्हरांड्यातली झाकण नसलेली टाकी यांच्यामधून एक रेघ जातेच. त्या रेघेला जात म्हणा, वर्ग म्हणा. तहानलेल्या पोराला त्याने काय फरक पडतो?

केरळात २०१९ साली शाळांमध्ये पाण्याची घंटा सुरू झाली. ठरलेल्या वेळी घंटा वाजते, सगळी मुले बाटली काढून पाणी पितात. पुढे कर्नाटकात, तेलंगणात, तामिळनाडूतही ती आली. आपल्याकडेही तिची चर्चा झाली आणि काही शाळांनी ती हौसेने वाजवली. कल्पना उत्तम आहे, खर्च शून्य. विसरणाऱ्या मुलाला आठवण होते, आणि सगळे पितात म्हटल्यावर लाजणारेही पिते. पण नुसती घंटा वाजवून भागत नाही. पाणी पाजून मुलाला घाणेरड्या संडासाकडे पाठवणार असाल तर ते दोन दिवसांत घंटेलाही फसवायला शिकेल, बाटली तोंडाला लावून नुसते नाटक करेल. घंटेच्या आधी संडासात पाणी हवे.

आणि परवानगीचे काय? करंगळी वर करून उभे राहिलेल्या पोराला "आत्ताच तर सुट्टी झाली" म्हणून खाली बसवणारे गुरुजी आजही आहेत. चाळीस मुलांचा वर्ग सांभाळायचा, एक उठला की दहा उठतात, ही त्यांची अडचण आम्हाला मान्य आहे. पण मधल्या सुट्टीत एकाच संडासापुढे शंभर मुलांची रांग, सुट्टी दहा-पंधरा मिनिटांची. त्यात लहानांना मोठी मुले मागे ढकलतात. पहिली-दुसरीच्या मुलाला लागलेली लघवी वेळापत्रक पाहून लागत नाही. त्याला विचारल्याबरोबर जाऊ द्यावे, एवढा साधा नियम करायला कोणत्या शासन निर्णयाची गरज आहे?

आश्रमशाळा आणि वसतिगृहांचा विषय स्वतंत्र लेखाचा आहे, पण एक गोष्ट इथे सांगायलाच हवी. तिथे लेकरू पाचला शाळेतून सुटत नाही, ते तिथेच राहते. सकाळी सगळ्यांना एकाच वेळी उठवले जाते, मोजके संडास, बादलीने पाणी वाहायचे. अंधारात लांबच्या संडासात जायची भीती वाटते म्हणून सहा-सात वर्षांचे मूल रात्रभर दाबून धरते, किंवा अंथरुणात करते आणि सकाळी सगळ्यांसमोर ते अंथरूण उन्हात घालते. दिवाबत्ती आणि सोबत करणारे एक मोठे माणूस, एवढ्याने हे थांबण्यासारखे आहे.

घराकडे वळू. आमच्या वस्त्यांमध्ये सार्वजनिक संडासाला रांग असते, लहान मुलाला तिथली मोठी भांडी भीतीची वाटतात, म्हणून त्याला गटाराच्या कडेला बसवले जाते. यात आईचा दोष नाही. तरीही जे आपल्या हातात आहे ते सोडून देऊ नये.

मूल सहा महिन्यांचे होईपर्यंत त्याला वरचे पाणी द्यायचे नाही, उन्हाळ्यातसुद्धा नाही. आईच्या दुधात पुरेसे पाणी असते. मोठ्या मुलाला सकाळी चहा-पाव देऊन शाळेत धाडण्याची पद्धत मोडायला हवी. त्याऐवजी उठल्याबरोबर पेलाभर पाणी, मग काहीतरी पोटभर, आणि खाल्ल्यानंतर पाच-दहा मिनिटे शांतपणे शौचाला बसणे. पोटात अन्न गेले की आतडी आपसूक हलतात, तीच वेळ पकडायची. रोज त्याच वेळी बसवले की काही आठवड्यांत शरीर ती वेळ ओळखू लागते आणि शाळेत अडचण होत नाही. उकिडवे बसणारा आपला संडास याला चांगला. कमोड असेल तर पायाखाली पाट किंवा वीट द्यावी, पाय लोंबकळत ठेवून जोर लागत नाही. ताटात ज्वारी-बाजरीची भाकरी, पालेभाजी, उसळ, स्वस्तातले पेरू-केळे असू द्यावे. गोड रंगीत पाण्याच्या बाटल्या म्हणजे पाणी नव्हे.

मुलगी असेल तर धुताना हात पुढून मागे न्यायला शिकवावे, मागून पुढे नाही. लघवीचा रंग पाहायला मुलांनाच शिकवावे. फिकट पिवळी असेल तर ठीक, गडद असेल तर पाणी कमी पडते आहे. साबणाने हात धुणे, शौचानंतर आणि जेवणाआधी, यात तडजोड नको. जुलाब लागले तर पाणी बंद करण्याची जुनी समजूत अजून टिकून आहे. ती लेकरांचा जीव घेते. ओआरएसची पुडी लीटरभर स्वच्छ पाण्यात, घोट घोट, आणि झिंकच्या गोळ्या १४ दिवस. दोन्ही सरकारी दवाखान्यात आणि आशाताईंकडे मिळतात. पाच-सहा वर्षांचे मूल अंथरूण ओले करत असेल तर ते पुष्कळ मुलांचे होते, मारून कधीही थांबत नाही. मात्र कोरडे राहायला लागलेले मूल पुन्हा ओले करू लागले, लघवीला जळजळ सांगू लागले किंवा चार-चार दिवस शौचाला गेले नाही, तर दवाखाना गाठायचा आणि लघवीची तपासणी मागून घ्यायची.

सहा वर्षांच्या मुलीला शाळेत लागलेली पाणी न पिण्याची सवय सहाव्या वर्षी संपत नाही. पाळी सुरू झाली की तीच मुलगी महिन्यातले काही दिवस शाळा बुडवू लागते. पुढे ती बाजारात भाजी विकते, रस्ता झाडते, मोलकरणीच्या कामाला जाते आणि तिथेही दिवसभर पाणी पीत नाही, कारण जायला जागा नाही. मुंबईतल्या बायांनी २०११ पासून 'राईट टू पी' म्हणून जी मोहीम चालवली ती याच दुखण्याची. आयांना जे रस्त्यावर उतरून मागावे लागले, ते त्यांच्या लेकींना शाळेत कायद्याने मिळालेले आहे. फक्त ते वसूल करायचे आहे.

वसुलीची जागाही कायद्यानेच दिली आहे. शिक्षण हक्क कायद्याच्या २१ व्या कलमाने प्रत्येक सरकारी शाळेत व्यवस्थापन समिती आली. तिच्यात तीन चतुर्थांश पालक हवेत, निम्म्या स्त्रिया हव्यात आणि वंचित घटकांच्या पालकांना प्रमाणात प्रतिनिधित्व हवे. किती गावांत ही समिती सरपंचाच्या ओट्यावर बसून भरली जाते आणि आपल्या बाईचा अंगठा नंतर घरी येऊन घेतला जातो, हे कार्यकर्त्यांनी एकदा तपासावे. जयंतीच्या मिरवणुकीला डीजे किती लाखांचा यावर रात्र-रात्र बैठका घेणाऱ्या आपल्या तरुण मंडळांनी एक दुपार आपल्या मुलांच्या शाळेत घालवावी. भाषण करायचे नाही. मुलींच्या संडासाचे दार उघडून पाहायचे. आत तोटी आहे का, तिला पाणी येते का, कडी लागते का, साबण आहे का, लहान मुलाचा हात पोचेल एवढ्या उंचीवर नळ आहे का. पाण्याची टाकी शेवटची कधी धुतली हे विचारायचे. संडास कोण धुतो आणि त्याला पगार कोण देतो, हे विचारायचे. संयुक्त अनुदानातले दहा टक्के कुठे खर्च झाले त्याची पावती मागायची. उत्तर मिळाले नाही तर हेच प्रश्न समितीच्या ठरावपुस्तकात लिहून गटशिक्षणाधिकाऱ्याकडे पाठवायचे, पोच घ्यायची, आणि महिनाभराने तेच दार पुन्हा उघडून पाहायचे.